देखरेखीअभावी

"नाव कुठंच घातलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "गाव नाही, वस्ती नाही. 'एकोणीस वर्षांचा एक तरुण' एवढंच आहे. तू एकदा वाच आणि सांग."

सिस्टरने कागद घेतला, पण लगेच वाचला नाही. संस्थेचं ऑफिस दवाखान्याच्या मागे होतं. पूर्वी तिथे औषधांची कोठी होती आणि भिंतींना अजून स्पिरिटचा वास होता. टेबलावर अर्जाची पानं पसरली होती. ती उडू नयेत म्हणून मॅडमनी पंखा बंद ठेवला होता आणि दोघींनाही घाम फुटला होता.

वाचायची गरज नव्हतीच. एकोणीस वर्षांचा तरुण म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. डोंगरावरच्या वस्तीतून तो रोज खाली टायरच्या दुकानात कामाला यायचा. दीड वर्षापूर्वी एका सकाळी तो खाणीच्या रस्त्याकडेला चरात सापडला. तोंडावर नशेसाठी हुंगायची, पंक्चरच्या सोल्युशनमध्ये भिजवलेली चिंधी होती. दवाखान्यात आणला तेव्हा जीव उरला नव्हता, आणि ड्युटीवर सिस्टरच होती.

"गेल्या खेपेला ज्यांना अनुदान मिळालं ना, त्यांच्या अर्जात एका आईची कहाणी होती," मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडे आकडे आहेत गं. पण आकड्यांनी कोणाच्या पोटात कालवत नाही. आदिवासी वस्त्यांमधल्या व्यसनप्रतिबंधासाठी पैसा थोडा आणि मागणारे उदंड. आपलं वेगळं काय, हे त्यांना दिसायला हवं."

"ताईला विचारलंत?"

"तू विचार. मी विचारलं तर भिडेपोटी हो म्हणेल. तुला ती खरं काय ते सांगेल. नाही म्हणाली तर हे पान मी काढून टाकीन. पण विचार."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. संस्था त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती आणि अर्ज लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. चालू अनुदान संपत आलं होतं. त्यावर वस्तीतली एक खोली चालत होती. संध्याकाळी तिथे पोरं कॅरम खेळत, मुली शिलाई शिकत, आणि वस्तीतलेच दोन कार्यकर्ते त्यांच्यात मिसळून कोणाचं काय बिनसलंय यावर लक्ष ठेवत. सिस्टर दवाखाना सांभाळून वर जायची. त्या वस्तीतून नर्स झालेली ती पहिली मुलगी. सारी वस्ती तिला 'सिस्टर' म्हणायची. सख्खी बहीण तेवढी 'धाकटे' म्हणायची.

कागदाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारची बस खाणीपाशी थांबली. तिथून पुढे चढ होता. लहानपणी हा चढ ती दप्तर घेऊन पळत चढायची, आता मध्ये एका दगडावर बसावं लागलं. वर पोचली तेव्हा थोरली अंगणात एका बकरीला गुडघ्यांत धरून तिचे वाढलेले खूर तासत होती.

"आज कशी वाट चुकलीस?" थोरली मान वर न करता म्हणाली. "तुझा वार नाही हा."

"काम होतं तुझ्याकडे."

"माझ्याकडे? बकरीबिकरी पाळायची आहे की काय दवाखान्यात?"

सिस्टर हसली आणि पायरीवर बसली. थोरली तिच्याहून बरीच मोठी. नवरा खाणीत दगडाखाली सापडला तेव्हा मुलगा रांगतही नव्हता. तेव्हापासून बकऱ्यांवर तिने घर चालवलं होतं. धाकटीच्या शिक्षणालाही त्यातूनच हातभार लावला होता, आणि ते तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

सिस्टरने अनुदानाचं सांगितलं. खोली बंद पडेल हेही सांगितलं. मग कागद काढला. "यात त्याच्याबद्दल लिहिलंय, ताई. नाव नाही. तुला चालत असेल तरच पाठवायचं."

"वाच की. बकरी हातात आहे, कान मोकळे आहेत."

सिस्टर वाचू लागली. "'डोंगराळ भागातील एका उपेक्षित कुटुंबातील हा तरुण. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. आई अशिक्षित. योग्य देखरेखीअभावी तो वाईट संगतीला लागला आणि...'"

थोरलीचा चाकू थांबला. "आईच्या पुढचं परत वाच."

तिने परत वाचलं.

"देखरेख कळलं. अभावी म्हणजे काय?"

सिस्टरने बसमध्ये कागद वाचला होता, पण तो शब्द तिला खटकला नव्हता. असल्या कागदांत तो नेहमीच असायचा.

"नसल्यामुळे," ती म्हणाली.

थोरलीने बकरीला सोडलं. बकरी लंगडत दोन पावलं गेली आणि मग नीट चालू लागली. थोरलीने चाकू पुसला, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, आणि येऊन पायरीवर धाकटीच्या शेजारी बसली.

"तो दारू पीत होता ते तुला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत होतं. मी रोज दारात उभी राहायचे. तो आला की पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं जवळ जायचे आणि वास घ्यायचे. रोज वास यायचा. मग एक दिवस आला नाही. मला वाटलं, आज पैसे नसतील. दुसऱ्या दिवशीही नाही. मग आलाच नाही वास. सुटली दारू. मी शेजारणीला बोलावून सांगितलं, बकरीचं सगळं दूध त्या दिवशी वाटून टाकलं."

सिस्टरने कागद मांडीवर पालथा घातला.

"कपड्यांना रबराचा वास यायचा. टायरच्या दुकानात राबतो, तर येणारच. नाकाखाली लाल चट्टे उठले. थंडीनं उठले असतील म्हणून मी तेल लावलं. जेवण कमी झालं, तर म्हटलं खाली काहीतरी खात असेल. कधी कधी उगाच हसायचा. मला बरं वाटायचं गं, पोरगं हसतंय म्हणून. तो मरायला टेकला होता आणि मी इकडे खुशीत होते."

आवाज जराही चढला नव्हता. बाजारात काय भाव चाललाय ते सांगावं तसं ती सांगत होती.

"देखरेख नव्हती असं लिहिलंय त्यांनी. माझ्याइतकी देखरेख कोण करणार होतं? रोज वास घेत होते. भलताच वास घेत बसले, एवढंच."

"हे मला कधी बोलली नाहीस, ताई."

"तू विचारलं नाहीस. तू आलीस, पंचनाम्याचं बघितलंस, डॉक्टरचा कागद आणलास, मातीचं सगळं तूच केलंस. तू नसतीस तर मी कोसळले असते. पण विचारलं नाहीस कधी. मला वाटायचं, नर्स आहे, हिला ठाऊकच असेल."

सिस्टरने कागदाची घडी केली. घडीवर घडी करत ती कागद लहान लहान करत गेली.

"पैसे आले नाहीत तर खोली बंद होईल," ती म्हणाली. हे आता बोलायला नको होतं असं बोलता बोलताच तिला वाटलं.

"बंद व्हावी असं मी म्हणत नाही. चांगली खोली आहे. आमच्या वेळी असती तर बरं झालं असतं." थोरलीने पायरीवरची माती हाताने झाडली. "पण त्याला पुढं करून मागू नकोस. त्यानं कधी कोणापुढं हात पसरला नाही. एवढं तरी राहू दे त्याचं."

उठताना ती म्हणाली, "आणि सांगायचंच असेल, तर ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांना सांगेन. कागदाला काय सांगायचं?"

"सांगशील?"

"बघू."

मॅडमनी सारं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग घड्या पडलेलं ते पान सिस्टरकडून घेतलं आणि फाडलं.

"हा शब्द मी किती अर्जांत लिहिला असेल," त्या म्हणाल्या. "हात आपोआप लिहितो. खरंच, कोणाच्या तरी आईला वाचून दाखवावा लागेल असं कधी वाटलंच नाही."

त्या पानाशिवाय अर्ज गेला. काही आठवड्यांनी निरोप आला, की अनुदान देणाऱ्या निधीकडून एक निरीक्षक प्रत्यक्ष पाहणीला येतील. मॅडमना हायसं वाटलं. पहिल्या चाळणीतून अर्ज पार झाला होता.

निरीक्षक आले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. साध्या कपड्यांतले, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. चढाने त्यांना धाप लागली होती, तरी कुरकूर नव्हती. त्यांनी कॅरम पाहिला, शिलाईची यंत्रं पाहिली, कार्यकर्त्यांशी आपुलकीने बोलले. वस्तीतल्या बायकांना मॅडमनी मुद्दाम बोलावलं होतं. खोली गच्च भरली होती. वस्तीचा म्हातारा मुखिया आणि चारदोन पुरुष दाराशी बसले होते.

"मला एकच सांगा," निरीक्षक म्हणाले. "या खोलीमुळे किती जण व्यसनापासून वाचले?"

एक कार्यकर्ता दुसऱ्याकडे पाहू लागला.

"जे लागले त्यांची नोंद आमच्याकडे आहे, सर," सिस्टर म्हणाली. "जे लागलेच नाहीत त्यांना स्वतःलाही माहीत नसतं ते वाचले म्हणून."

"ते मला पटतं हो," निरीक्षक म्हणाले. "पण वर मला काहीतरी दाखवावं लागतं."

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला सरली आणि थोरली आत आली. मुलगा गेल्यापासून ती कुठल्याच बैठकीला, कोणाच्याच कार्याला गेली नव्हती. बायकांची कुजबुज थांबली. ती सरळ पुढे आली, पण बसली नाही.

"बायकांशी थोडं बोलायचं होतं," ती मुखियाकडे पाहत म्हणाली. "पुरुषांनी जरा बाहेर बसावं."

"या कोण?" निरीक्षकांनी हळूच विचारलं.

मॅडमचे ओठ हलले. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं आणि काहीच सांगितलं नाही. पण निरीक्षक जाणते होते. खोलीत पडलेल्या शांततेवरूनच हिच्या घरात काहीतरी घडलंय हे त्यांना उमगलं असावं.

"मी मागे बसतो," ते आदबीने म्हणाले. "एक शब्द विचारणार नाही. नुसतं रेकॉर्ड करून घेतो. तुमच्याच अर्जाला उपयोग होईल." त्यांनी मोबाइल बाहेर काढला होता.

थोरलीने मोबाइलकडे पाहिलं, मग धाकटीकडे. सगळ्या खोलीचे डोळे सिस्टरवर आले.

खोली चालू राहावी म्हणून जे हवं होतं ते हाताच्या अंतरावर होतं. निरीक्षक भले माणूस होते. ऐकलं असतं तर त्यांनी मनापासून, चांगलंच लिहिलं असतं. ताईही बहुधा ऐनवेळी अडून बसली नसती. धाकटीसाठी तिने आजवर काय काय सोसलं होतं, त्यात हेही सोसलं असतं. सिस्टरला ते कळत होतं आणि त्याचंच तिला भय वाटलं.

"सर, तुम्ही बाहेर बसलात तर बरं होईल," ती म्हणाली.

निरीक्षक गोंधळले. मुखिया गुडघ्यावर हात ठेवून उठला. "चला साहेब," तो म्हणाला. "आत नुसती भट्टी झालीय. बाहेर वारा फुकट आहे. पाण्याची टाकी दाखवतो तुम्हाला, तीही गळतेच आहे."

पुरुष गेले. मॅडमही निरीक्षकांबरोबर बाहेर पडल्या. शेवटच्या बाईने दार लोटलं.

थोरलीने अंगणात धाकटीला सांगितलं होतं तसंच सांगितलं. रडली नाही, कोणाला दोष दिला नाही. दारूचा वास गेला म्हणून निर्धास्त होऊ नका, एवढं दोनदा बजावलं. शर्टाच्या बाह्या हुंगा म्हणाली, नाकाखाली बघा, खिशात चिंधी सापडली तर फेकून देऊ नका, आधी तिचा वास घ्या.

"तू त्याला कधी मारलंस का?" मागून एकीने विचारलं. विचारण्यात आगाऊपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"एकदा," थोरली म्हणाली. "दारूपायी. मग नाही मारलं. मग तो शहाणा झाला होता ना."

भिंतीशी बसलेली सुताराची बायको उठली. मांडीवरचं मूल तिने शेजारणीकडे दिलं, दार उघडलं आणि घराकडे चालू लागली. आधी चालत होती, मग वळणापाशी पळताना दिसली.

बायका पांगल्या तेव्हा खाली खाणीपाशी उभी केलेली निरीक्षकांची गाडी गेलेली होती. अंधाराच्या आत त्यांना घाट उतरायचा होता. मॅडम एकट्याच पायरीवर बसल्या होत्या.

"सांगितलं तिनं?"

"सगळं."

मॅडमनी मान हलवली. "त्यांनी ऐकायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "पण ते आत असते तर तिनं सांगितलं नसतं."

सिस्टर त्यांच्याशेजारी बसली. खाली खाणीतली दगड फोडणारी यंत्रं दिवसाची शेवटची धडधड करून थांबली.

अनुदान मिळालं नाही. पत्र सभ्य होतं. गरज आहे हे मान्य केलं होतं, कार्यकर्त्यांच्या तळमळीचं कौतुकही होतं. ठोस परिणाम मात्र आढळले नाहीत, असं लिहिलं होतं. खोली ज्याची होती त्याने तिच्यात चारा भरला. कॅरम मॅडमच्या ऑफिसात आला आणि कपाटामागे उभा राहिला. दोन कार्यकर्त्यांपैकी एक खाणीवर लागला, दुसरा शहरात गेला. सिस्टर पूर्वीसारखी पूर्णवेळ वॉर्डात रुजू झाली. इंजेक्शनं, सलाइन, ताप बघणं. काम ओळखीचं होतं, हात चालत राहिले. संध्याकाळी खाणीकडची बस सुटताना तिच्या पायांना ओढ लागायची. काही दिवसांनी तीही कमी झाली.

सुताराची बायको त्या दिवशी पळत गेली होती, ती तिसऱ्या दिवशी मोठ्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलाच्या नाकाखाली चट्टे होते. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. तो एकदा पळून गेला, आईने पुन्हा आणला. अजून तो येतो-जातो. चांगला दिसतो. पण सवय सुटली असं त्याची आई म्हणत नाही, आणि तिला तसं कोणी विचारतही नाही.

बोलणं डोंगरावरून डोंगरावर जातं. पलीकडच्या खोऱ्यातल्या दोन बायका एक दिवस दवाखान्यात चौकशी करत आल्या. सिस्टरला वाटलं, आपल्याला बोलवायला आल्या. त्यांनी तिला आदराने नमस्कार केला आणि विचारलं, "त्या वास ओळखायला शिकवतात, त्या बाई कुठं राहतात हो?"

थोरलीने आधी नाही म्हटलं. बकऱ्या कोण बघणार, म्हणाली. मग शेजारीण तयार झाली, तेव्हा म्हणाली, एवढ्या लांब मी एकटी कधी गेले नाही. सिस्टरने रजा टाकली. बसमध्ये थोरलीने खिडकीची जागा घेतली आणि सारा वेळ बाहेर बघत राहिली. बसभाडं कोणी द्यायचं यावरून दोघी जरा भांडल्या. ते थोरलीनेच दिलं.

पलीकडच्या वस्तीत एका घराच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या. इथे कोणी कोणाला ओळखत नव्हतं. बायकांनी दोघींना चटई दिली, पाणी दिलं, प्रवास कसा झाला ते विचारलं. मग घरच्या म्हाताऱ्या बाईने, कोणीही पाहुणीला विचारावं तसं सहज विचारलं, "तुला मुलंबाळं किती गं?"

सिस्टरने मान खाली घातली. तिला मध्ये पडून काहीतरी बोलावंसं वाटत होतं.

"एकच," थोरली म्हणाली. "मुलगा."

"काय करतो?"

थोरलीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"तेच सांगायला आलेय," ती म्हणाली.

म्हातारीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती थोडी सरकली आणि तिने आपल्याजवळ जागा केली.